सिकलसेल : वाहक कोण आणि रुग्ण कोण? आनुवंशिकता समजून घेऊया



नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा पाठ आहे. त्यात सिकलसेल म्हणजेच दात्र-पेशी पांडुरोग येतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा आजार घराघरांत माहीत आहे. तरीही एक प्रश्न वारंवार कानावर येतो, "आईवडील दोघंही धडधाकट, मग मुलाला हा आजार आला कुठून?" आणि बहुतेक वेळा बोट आईकडे जातं. म्हणून हा पाठ नीट शिकवणं गरजेचं आहे.

आजार नेमका काय आहे?
रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. ते कसं बनवायचं याची माहिती जनुकात असते. या जनुकात एक छोटासा बदल होतो आणि हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी लवकर मरतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग रक्त कमी होतं, हातपाय असह्य दुखतात.

वाहक आणि रुग्ण यातला फरक
प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून.
• दोन्ही प्रती चांगल्या – निरोगी (एए)
• एक चांगली, एक बदललेली – वाहक (एएस)
• दोन्ही बदललेल्या – रुग्ण (एसएस)

वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही. म्हणून तपासणीशिवाय त्याला स्वतःलाही कळत नाही. शिवाय एसएस मुलाला एक प्रत आईची आणि एक वडिलांची मिळालेली असते. म्हणजे एकट्या आईला दोष देणं शास्त्राला धरून नाही.

वर्गात करून बघा
दोन नाणी घ्या. एक आईचं, एक वडिलांचं. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे बदललेली. दोघंही वाहक आहेत असं समजा. दोन्ही नाणी 40 वेळा एकत्र उडवा आणि फळ्यावर नोंदी करा. साधारण 10 वेळा दोन छापे, 20 वेळा एक छापा एक काटा आणि 10 वेळा दोन काटे येतील. आकडे थोडे मागेपुढे होतील, पण 25%, 50%, 25% हे प्रमाण मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आता विचारा, "पहिलं मूल रुग्ण झालं, तर पुढची तीन नक्की निरोगी ना?" बरीच मुलं 'हो' म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात! पण आधी काय पडलं ते नाण्याला आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणात धोका पुन्हा तेवढाच, चारात एक.

मग एकच पालक वाहक असेल तर? 'शोले'तलं जयचं नाणं आठवा, दोन्ही बाजूंना छापा. असं एक नाणं आणि एक साधं नाणं उडवलं तर दोन काटे कधीच येणार नाहीत. मूल वाहक होऊ शकेल, पण एसएस नाही.

हे माहीत असेल तर काय करता येतं?
लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घेणं. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. एक जण सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकतं, म्हणून अहवाल डॉक्टरांना दाखवावाच. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे.

वर्गात आपली जबाबदारी
सिकलसेलचं मूल वारंवार गैरहजर राहतं ते आळसामुळे नाही. त्याला सतत पाणी पिऊ द्या, कडक उन्हात किंवा थंडीत पळायला लावू नका. अंग दुखतंय म्हटलं तर विश्वास ठेवा. ताप आला तर लगेच दवाखान्यात पाठवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही पालकांना सांगा.

एक सूचना : उदाहरण म्हणून वर्गातल्या कुठल्याही मुलाचं नाव घेऊ नका. 'वाहक' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, तर पुढे तपासणीला कोणी येणार नाही. आजार लपतो आणि पुढच्या पिढीत जातो तो असाच.