दात तेवढेच, वेग हवा तसा

मारुंजीहून हिंजवडीकडे निघालेल्या सकाळच्या गर्दीत बहुतेक स्कूटर बिनगिअरच्या. मूठ पिळायची, बाकीचं डावीकडची पेटी बघून घेते. ती आत काय करते, हे इंजिनीअरिंगच्या मुलांनाही बरेचदा सूत्रांतूनच कळतं. म्हणून प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून तिचं चालतं मॉडेल प्रत्येकाने एकदा तरी जोडावं, असं मला मनापासून वाटतं.

या पेटीशी पुण्याचं नातं जुनं. फिरोदियांच्या कायनेटिकने १९८४ साली होंडाशी भागीदारी केली आणि पीथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा रस्त्यावर आली. डाव्या मुठीने गिअर टाकायची सवय असलेल्यांना बटणस्टार्ट आणि बिनगिअरची गाडी हे नवलच होतं. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली मोटारीत आणलेलंच हे तत्त्व. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, तिच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. मागच्या पुलीत तो स्प्रिंगचा दाब मोडून खाली उतरतो. एकीचा घेर वाढतो, दुसरीचा घटतो, मध्ये पायरी कुठेच नाही.

ठोकळ्यांच्या डब्यात अशा सरकत्या तबकड्या नसतात. शंकूवर रबरबँड चढवून पाहता येतं, पण जरा ओझं आलं की तो घसरतो. उरतात दातांची चाकं : ८, २४, ४० दातांची. भोकं ८ मिलिमीटर अंतरावर, त्यामुळे ८ आणि २४ ची जोडी बरोबर दोन भोकांवर बसते. दात काही कमीजास्त होत नाहीत. मग पायरीविना वेग आणायचा कुठून?

वजाबाकीतून. डिफरन्शियल म्हणजे आत दातांची चाकं असलेला फिरता पिंजरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या दांड्या; या दोन दांड्यांच्या फेऱ्यांची बेरीज नेहमी पिंजऱ्याच्या फेऱ्यांच्या दुप्पट भरते. मुख्य मोटर पिंजऱ्याला मिनिटाला १० फेरे देते. एका दांडीवर चाक, दुसरीवर स्क्रूसारख्या वर्मगिअरमधून छोटी मोटर. ती थांबलेली असेल तर चाकाला २० फेरे. तिने १० दिले तर चाकाला १०. २० दिले की दोन्ही मोटरी फिरत असूनही चाक जागेवर उभं, आणि २५ ला तेच उलटं फिरू लागतं! छोट्या मोटरीचा वेग हळूहळू वाढवत ही उतरण बघावी. सूत्राचं पान तेव्हा पहिल्यांदा बोलायला लागतं.

ओझं टाकलं की पुढचा धडा. डिफरन्शियल दोन्ही दांड्यांना सारखाच पीळ देतं, म्हणजे चाकाला लागणारा जोर छोट्या मोटरीच्या बाजूलाही तितकाच पेलावा लागतो. वर्म उलटा फिरत नाही म्हणून टिकतो. पण फुलीच्या आकाराची लांब प्लास्टिकची दांडी डोळ्यांदेखत पिळवटते. ती आखूड घ्यावी, दोन्ही टोकांना आधार द्यावा. १९९७ च्या टोयोटा प्रियसमध्ये इंजिन आणि दोन विद्युत यंत्रं ग्रहीय चाकांतून जोडली आहेत, ती हीच वजाबाकी; तिथे दुसऱ्या बाजूचा जोर पेलायला भक्कम यंत्र आणि बॅटरी आहे. स्वस्त स्कूटरला तो खर्च परवडत नाही, म्हणून तिच्यात अजून रबरी पट्टाच चालतो.