कचऱ्यातली सुई कुणाला टोचते?

वस्तीत अनेक घरांत इन्सुलिन घेतात. वापरलेली सुई मात्र भाजीच्या सालींसोबत कचऱ्यात जाते. तो कचरा हाताने निवडणारी बहुतेकदा आपलीच बहीण असते. टोचलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही होऊ शकतो.

सुया, ब्लेड जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका. भरल्यावर झाकण घट्ट लावून, सांगून वेगळी द्या. पॅड, डायपर कागदात गुंडाळा, जाळू नका. ओला, सुका, घातक कचरा वेगळा देणे नियमांनुसार प्रत्येक घराचे काम आहे.

सुई टोचलीच तर जखम पिळू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

बाबासाहेबांनी मुंबईच्या महापालिका कामगारांची संघटना बांधली. त्या कामगारांचे हात आपण घरातूनच जपू.