साखळीची कितवी कडी?

बैलगाडीत भाताची पोती रचताना गोव्यात पेडण्यातल्या जुन्या गाडीवानाची नजर आखावर असायची. भार आखाच्या किंचित पुढे राहिला की जू बैलांच्या मानेवर बेतानं टेकतं. भार मागे गेला की गाडी उलाळ होते. दांडी वर उठते, जू मानेवरून सुटू पाहतं आणि गळ्याखालची सापती बैलाला आवळते. फारच पुढे गेला तर सगळं ओझं मानेवर येतं. मग दोन पोती मागे, एक पुढे, असं करत गाडी तोलावर आणायची. काटा कुणाकडे नसे. दांडी हातानं उचलून बघितली की अंदाज येई.

अमेरिकेत पिकअपच्या मागे जोडलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे पलंग, ओटा आणि न्हाणीघर असलेलं चाकांवरचं घर, याच हिशेबानं चालतो. आखाच्या जागी त्याचे एक-दोन अ‍ॅक्सल, जूच्या जागी पिकअपच्या मागचा पोलादी बॉल. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार त्या बॉलवर यावा लागतो. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलू लागतो, आणि वेग वाढला की तो डोल आवरत नाही. पेडण्याच्या भाषेत सांगायचं तर गाडी उलाळ झाली.

पण बैलाला नसलेली एक अडचण पिकअपला आहे. बॉल तिच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे भार पडला की मागची चाकं टेकू होतात आणि पुढची बाजू उचलली जाते, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. स्टिअरिंग पुढच्या चाकांचं, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच, आणि नेमकी तीच हलकी होतात.

आकडे मांडून बघू. ट्रेलर ३,००० किलोचा आणि बॉलवर ३७५ किलो. पिकअपच्या दोन अ‍ॅक्सलमध्ये ३.३ मीटर अंतर, मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉल १.५ मीटर मागे. मग पुढच्या चाकांवरचा सुमारे १७० किलो भार उडतो आणि मागच्यांवर ५४५ किलो जादा बसतो. पत्रादेवीला गोव्यात शिरून कोलवाळच्या पुलाकडे जाणाऱ्या महामार्ग ६६ वर अशी जोडी मालपेच्या उतारावर आली, तर वळणावर स्टिअरिंग हाताला हलकं लागेल आणि रात्री हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातील.

यावरचा उपाय म्हणजे भार वाटणारा हिच, म्हणजेच जोडणी. बॉलखालच्या जाड पोलादी हेडमधून दोन स्प्रिंग बार मागे निघतात आणि ट्रेलरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंनी जातात. त्यांची टोकं साखळीनं वर ओढून दांडीवरच्या आकड्यात अडकवली की बार वाकतात आणि तरफेसारखे काम करतात. हातगाडीच्या दांड्या धरून वर उचलल्या की तिचा भार पुढच्या चाकावर जातो. इथे ते उचलणं साखळ्या करतात. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलचं अंतर बॉलपासून ५.५ मीटर धरलं आणि पुढच्या चाकांचा गेलेला भार निम्मा परत आणायचा ठरवला, तर मागच्या चाकांवरचे १२५ किलो कमी होतात. त्यातले ८५ पिकअपच्या पुढच्या चाकांवर जातात आणि ४० ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर. पाऊण मीटर लांबीच्या दोन बारांच्या टोकांशी मिळून सुमारे तीनशे किलोचा ताण पुरतो.

एकूण वजनातला एक किलोही यात कमी होत नाही. त्यामुळे हिच बसवला म्हणून गाडीची ओढण्याची क्षमता वाढत नाही, आणि चुकीचं रचलेलं सामान त्यानं सुधारत नाही. पोती आधी जागेवर हवीत.

जुळणीला लागतो सपाट जागेचा तुकडा, मोजपट्टी आणि धीर. ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरलेला हवा. आधी सुट्ट्या पिकअपच्या पुढच्या चाकाच्या मधोमध, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजायची. समजा ९० सेंटिमीटर. साखळ्या न लावता ट्रेलर जोडला की ती ९४ झाली. निम्मी दुरुस्ती म्हणजे ९२. पूर्वी गाडी सगळीकडे सारखी खाली बसवण्यावर भर असे. आता अनेक निर्माते पुढच्या चाकांचा गेलेला भार निम्मा परत आणा असं सांगतात, तर काही त्याहून जास्त. म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका उघडायलाच हवी. बार गरजेपेक्षा जास्त ताणले तर मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर वळणात गाडीची मागची बाजू घसरते.

आकडा जुळला नाही तर दोन वाटा आहेत. साखळीची एक कडी कमी-जास्त करायची, किंवा हेडमधले वॉशर बदलून त्याचा कल वाढवायचा. शेवटी ट्रेलर पुढे झुकलेला किंवा मागे कललेला दिसता कामा नये. मोजपट्टीवर समाधान मानायचं नसेल तर वजनकाट्यावर तीनदा जायचं: सुटी पिकअप, साखळ्यांविना जोडलेली जोडी, साखळ्या ताणलेली जोडी. प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं लिहून घेतलं की कुठला भार कुठे गेला ते कागदावर उतरतं.

ओढण्याच्या क्षमतेचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं जाहीर करी. वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या अमेरिकी संस्थेनं २००८ मध्ये जे२८०७ ही सामाईक कसोटी आणली. ट्रेलरसह गाडीला अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ चढावा लागतो, तोही एसी पूर्ण चालू ठेवून.

तोलाचा हा हिशेब आज पेडण्यात मोपाच्या पठारावरही रोज होतो. मनोहर विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ला प्रवासी उड्डाणं सुरू झाली. सामान पुढच्या कप्प्यात किती, मागच्यात किती, हे लोडशीटवर ठरल्याशिवाय विमान निघत नाही.

पुन्हा हिचकडे येऊ. साखळ्या ओढताना जपावं लागतं. ताणलेला बार सुटला तर हाड मोडेल इतक्या जोरानं उसळतो. म्हणून जाणकार ट्रेलर बॉलला जोडून कुलूप लावतात, मग ट्रेलरच्या जॅकनं दांडी आणि पिकअपची मागची बाजू एकत्रच वर उचलतात. ताण उतरतो, साखळी हातानं आकड्यात बसते आणि जॅक खाली आला की बार आपोआप ताणले जातात. सोडतानाही आधी जॅक, मग साखळी. काही किलोमीटर गेल्यावर थांबून बोल्ट आणि कड्या पुन्हा बघायच्या. ट्रेलरच्या मागच्या टाकीत दीडशे लिटर पाणी भरलं असेल तर दीडशे किलो अ‍ॅक्सलमागे गेले, म्हणून मोजपट्टी पुन्हा काढायची. जुळलेली कडी कितवी ते वहीत लिहायचं आणि त्याच कडीवर रंगाचा ठिपका द्यायचा.