छऱ्याच्या बंदुकीचे तेलपाणी

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा होते. शस्त्रे म्हणजे काय, तर पणजोबांच्या वेळची एक तलवार, दोन कोयते, विळी, अडकित्ता, आमच्या सौ.ची शिवणाची कात्री आणि चिरंजीवांच्या मोटारसायकलचे पाने! पेठ वडगाव हे तसे लढवय्यांच्या आठवणी बाळगणारे गाव. सेनापती धनाजी जाधव १७०८ साली येथेच निवर्तले. त्यांची समाधी गावात आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण अष्टमीच्या रात्री तलवारीवरून तेलाचा हात फिरवल्याशिवाय मला झोप येत नाही.

गेल्या वर्षी या पाटावर एक नवी पाहुणी आली. माझी नात अकरावीत शिकते आणि कोल्हापूरला नेमबाजीच्या सरावाला जाते. तिच्या वडिलांनी एका जुन्या खेळाडूची एअर रायफल तिला दुसऱ्या हाताने घेऊन दिली. त्या किमतीत एक नवी मोटारसायकल आली असती. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत. आता सांगा, एवढ्या मोलाची वस्तू कोरडीच पाटावर कशी ठेवायची?

नात झोपल्यावर मी मोडक्या छत्रीची एक काडी घेतली. टोकाला धोतराची चिंधी गुंडाळली, शिवणयंत्राच्या तेलात बुडवली आणि बंदुकीच्या नळीत तोंडाकडून घालून चांगली वीस-पंचवीस वेळा आतबाहेर केली. चिंधी काळीकुट्ट निघाली. मला मोठे सत्कृत्य केल्याचे समाधान वाटले. मग छऱ्यांच्या डबीतही चार थेंब सोडले. सकाळी झेंडूची माळ, हळदकुंकू, साखरखोबरे, सारे यथासांग झाले.

निवड-स्पर्धा पुढच्याच आठवड्यात होती.

दसऱ्यानंतर पोरगी सरावाहून आली ती तोंड पाडूनच. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवताना म्हणाली, “आबा, माझं काहीतरी बिघडलंय. खांदा हलतोय की श्वास चुकतोय, कळत नाही.” रात्री उशिरापर्यंत ती माडीवर रिकाम्या हातांनी नेम धरून उभी होती. मी तिला धीर दिला, “होतं असं बाळ, दमली असशील.” आपल्याकडून काही झाले असेल, ही शंकासुद्धा माझ्या मनाला शिवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. “आबा, सर विचारतायत, घरी कुणी नळीत तेल घातलं का?”

मी शिक्षकीत हयात घालवली. मुलांना खरे बोलायला शिकवले. तरी ‘हो’ म्हणायला मला थोडा वेळ लागला.

सरांची शिकवणी

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मी नातीबरोबर कोल्हापूरला गेलो. तिचे प्रशिक्षक माझ्या मुलाच्या वयाचे. रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “काका, तलवार गंजते म्हणून तिला तेल. ह्या नळीची गोष्ट निराळी आहे.”

आधी त्यांनी हा खेळ किती बारकाईचा आहे ते दाखवले. नेम १० मीटरवरून धरायचा. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा, वजनाने जेमतेम अर्धा ग्रॅम. आणि लक्ष्याच्या मध्यभागी जो दहा गुणांचा ठिपका, तो अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक! अचूक मध्य साधला तर १०.९ गुण. तेथून छर्रा पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश गुण गेला, अडीच मिलिमीटर सरकला की पुरा एक गुण गेला. असे साठ छर्रे मारायचे.

आता जरा वाचकांच्या मनातला एक घोटाळा दूर करतो. आमच्या जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या हेलसिंकीतील कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक पदक मिळवायला बहात्तर वर्षे लागली. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. पण या दोघांच्या त्या स्पर्धा ५० मीटरच्या. त्या बंदुकीत दारूचे काडतूस असते. अभिनव बिंद्रांचे २००८चे बीजिंगमधील सुवर्णपदक आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांचे २०२२चे कैरोतील जगज्जेतेपद मात्र १० मीटरच्या एअर रायफलीचे. माझ्या नातीची बंदूक या दुसऱ्या जातीची.

दारूच्या बंदुकीत जळण होते, काजळी धरते, म्हणून तिच्या साफसफाईचे शास्त्र वेगळे. हवेच्या बंदुकीत काही जळतच नाही. नातीच्या रायफलीला एक नळकांडे असते. त्यात सुमारे २०० पट दाबाने हवा भरलेली असते. चाप ओढला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि छऱ्याला पुढे लोटते. बस्स, एवढेच!

“मग सर, माझी चिंधी काळी कशाने झाली?”

“शिशाने.” त्यांनी एक छर्रा माझ्या तळहातावर ठेवला. आकार थेट डमरूचा. पुढचा भाग सपाट, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. कमर बारीक आणि मागचा घेर पोकळ. मागून हवा आली की हा घेर फुगून नळीला घट्ट बसतो, म्हणजे हवा बाजूने निसटत नाही. नळीच्या आत पिळाचे बारीक चर कोरलेले असतात. त्यांत घासत छर्रा भोवऱ्यासारखा फिरू लागतो आणि म्हणून सरळ जातो. या घासण्यात मऊ शिशाचा अतिशय पातळ थर नळीला आतून लागतो. तो थर सगळीकडे सारखा असेल तोवर काहीच बिघडत नाही. उलट नळी त्याला सरावलेली असते. फार साचला की छर्रे पांगू लागतात.

मी काय केले होते? तो बसलेला थर अर्धामुर्धा खरवडून त्यावर तेल फासले होते. पहिला छर्रा तेलावरून निसटला, दुसऱ्याने थोडे तेल पुढे ढकलले, तिसऱ्याला कोरडी जागा लागली. प्रत्येकाचा वेग निराळा, म्हणून प्रत्येकाची जागाही निराळी. त्यातून डबीतले काही छर्रे तेलात न्हालेले, काही कोरडे!

सरांनी रायफल कारखान्यातल्या वाइससारख्या पकडीत आवळली आणि दहा छर्रे मारले. माणसाचा हात लागलाच नव्हता. तरी कागदावर भोके विखुरली. तो कागद त्यांनी नातीच्या हातात दिला आणि म्हणाले, “बघ, तुझा खांदा ठीक आहे.” पोरीने माझ्याकडे पाहिले नाही. मला ते पाहण्यापेक्षाही जड गेले.

सफाई कशी करावी

मग माझ्यासमोरच सफाई झाली, ती ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांच्यासाठी येथे देतो.

नळी साफ करायची ती मागून पुढे, म्हणजे छर्रा ज्या वाटेने जातो त्याच वाटेने. मी तोंडाकडून काडी घातली होती, ही सर्वांत मोठी चूक. नळीच्या तोंडाची कड हा या बंदुकीचा सर्वांत नाजूक भाग. छर्रा बाहेर पडताना त्याचा शेवटचा स्पर्श तिला होतो. तेथे एका बाजूला केसाएवढा ओरखडा पडला तरी हवा वाकडी सुटते आणि छर्रा कायमचा एकीकडे जातो. सरांनी ती कड भिंगातून बराच वेळ पाहिली. छत्रीच्या काडीने कृपा केली होती.

धातूचा ब्रश वापरायचा नाही. लोकर दाबून केलेल्या नमद्याची छोटी बुचे मिळतात. हवेच्या नळकांड्याच्या रायफलीत छऱ्याऐवजी दोन-तीन बुचे घालून ती उडवायची. पहिली काळी येतात, मग करडी, मग जवळजवळ पांढरी. तेथे थांबायचे. ज्या बंदुकीत स्प्रिंग असते तिच्यात मात्र नुसती बुचे उडवू नयेत. ती फार हलकी असल्याने दट्ट्याला पुढे अडसर मिळत नाही आणि तो जोरात आपटतो. तिच्यासाठी दोरीला चिंधी बांधून मागून पुढे ओढावी.

सफाई झाली की नळी लगेच पूर्वीसारखी मारत नाही. दहा-वीस, कधी अधिक छर्रे मारून तिला पुन्हा बसू द्यावे लागते. म्हणून स्पर्धेच्या तोंडावर नळीला हात लावायचा नसतो. आणि सफाईचे वेळापत्रक पंचांगावर ठरत नाही. काहीशे छर्रे गेले, भोके पांगू लागली, की मगच.

छऱ्यांना तेल लावावे का? हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. फार वेगाने मारणाऱ्या ताकदवान बंदुकांत शिसे नळीला अधिक चिकटते, तेथे छऱ्यांना हलके तेल किंवा मेण लावणारे असतात. पद्धत अशी : छर्रे कोमट साबणपाण्यात धुवायचे, जुन्या टॉवेलावर पूर्ण वाळवायचे, डबीत स्पंजाचा तुकडा घालून त्यावर एक-दोन थेंब टाकायचे आणि छर्रे त्यावर अलगद लोळवायचे. हाताला ओल लागता कामा नये. थर अधिक-उणा होण्यापेक्षा नसलेला बरा. दहा मीटरच्या स्पर्धेच्या छऱ्यांना बहुधा याची गरजच नसते. डबी उघडावी आणि वापरावी. पावसाळ्यात छऱ्यांवर पांढरी भुकटी धरली तर ते टाकून द्यावेत. ती भुकटी म्हणजे शिशाचा क्षार आणि विषारी.

मामांची बंदूक

परत येताना मला एक साठ वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली आणि एसटीत एकटाच हसलो. मामांकडे स्प्रिंगची छऱ्याची बंदूक होती. भुईमुगावर येणारे पक्षी हुसकायला ती वापरत. तिला नळी मोडून ताणायची. आत एक दट्ट्या आणि त्याला चामड्याचा वॉशर, अगदी सायकलच्या पंपासारखा. मामा दिवाळीच्या खरेदीला गेलेले पाहून मी तिच्यात खोबरेल ओतले. थंडीत तेल थिजलेले. पहिला छर्रा अंगणातच पडला. मी बंदूक उन्हात ठेवली, आणखी तेल घातले आणि चाप ओढला. असा बार उडाला की शेजारच्या आजींनी “फटाके दूर जाऊन वाजवा रे” म्हणून ओरडा केला. नळीतून धूर निघाला आणि खोबरे भाजल्याचा वास सुटला. आणखी चार बार काढले. पाचव्याला आत काहीतरी तुटले. ती कमान होती.

त्या बाराचे कारण मला सरांकडून कळले. हवा एकदम दाबली की ती तापते, इतकी की तेलाचा फवारा पेट घेतो. शेतातल्या डिझेल इंजिनात ठिणगीवाचून तेल पेटते ते याच तत्त्वाने. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. तेव्हा खोबरेलाला दोष कशाला! पण बंदुकीची कमान आणि वॉशर या स्फोटासाठी बनवलेले नसतात, आणि हाताळणाऱ्याचे डोळेही नसतात. दाबाच्या हवेच्या नळकांड्याजवळ तर साधे तेल मुळीच नेऊ नये. तिच्या जोडांना निर्मात्याने सांगितलेलेच वंगण लावावे.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. झटपट भरता यावेत म्हणून तेव्हा आम्ही पोरे छर्रे गालात धरत होतो, सुतार खिळे धरतो तसे. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोडेसुद्धा अपायकारक असते. आज आमच्या घरी नियम आहे : सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय फराळाच्या डब्याला हात नाही, छऱ्यांची डबी धाकट्या नातवंडांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, लक्ष्यामागच्या पेटीजवळची धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि बंदूक रिकामी असो वा भरलेली, तिचे तोंड माणसाकडे करायचे नाही.

निवड-स्पर्धेत नात सात दशांश गुणांनी मागे राहिली. सात दशांश म्हणजे साठ छऱ्यांत मिळून पावणेदोन मिलिमीटर! तेलामुळेच ते गेले असे ती म्हणत नाही, आणि मलाही ते शपथेवर सांगता येणार नाही. पण सरावाचे चार दिवस गेले, आणि त्यांतले तीन तिने स्वतःलाच दोष देत काढले, एवढे खरे.

यंदाच्या खंडेनवमीला तिने स्वतःच रायफल पाटावर ठेवली, पेटीत बंद करून. हळदकुंकू पेटीच्या झाकणाला. आजीने माळ घातली. मी तेलाची बाटली घेऊन तलवारीपाशी बसलो होतो. ती म्हणाली, “आबा, उरलेलं तेल ठेवून द्या. नरकचतुर्दशीला माझ्या डोक्याला लावा.”

मी बाटलीचे बूच घट्ट लावले. शिवणयंत्राचे तेल होते ते. पण तिला ते तेव्हा सांगितले नाही. पहाटेच्या अभ्यंगाला सौ.ने खोबरेल कोमट करून दिले, ते मी तिच्या डोक्यावर मुरेपर्यंत चोळले. डिसेंबरात पुन्हा स्पर्धा आहे.