घरावर जप्तीची नोटीस आली, तर मदत कुणाकडे मागायची?

तारण घराचा ताबा घेतल्याची नोटीस बँकेला दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्यात कर्जदाराचं नाव, घराचा पत्ता आणि थकलेली रक्कम असते. नोटीस छापून आली की ‘सेटलमेंट करून देतो’, ‘लिलावावर स्टे आणून देतो’ असे अनोळखी फोन का येऊ लागतात, ते यावरून कळेल. घाबरलेलं घर अशा वेळी पहिल्या गोड आवाजावर विश्वास ठेवतं. म्हणून मदत शोधण्याआधी कायद्याची वाट कशी जाते, ते नीट समजून घ्यायला हवं.

हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्यातल्या कलम १३(२) खाली मागणी नोटीस येते: साठ दिवसांत थकबाकी भरा. ही नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत मोलाचे दिवस हेच, आणि बहुतेक कुटुंबं ते भीतीत किंवा लाजेत घालवतात. या काळात बँकेला लेखी हरकत देता येते. हिशोब कुठे चुकला, नोकरी गेली किंवा आजारपण आलं त्याचे पुरावे, आता किती आणि कधी भरू शकतो, हे सगळं त्यात लिहायचं. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. शाखेत नुसतं बोलून येऊ नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, थकबाकीचे तुकडे पाडणं हे बँकेशी याच टप्प्यावर बोलावं. काहीच जमणार नसेल, तर स्वतः गिऱ्हाईक शोधून घर विकणं लिलावापेक्षा बहुधा बरं पडतं. मात्र नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही.

साठ दिवस उलटले की ताबा नोटीस दारावर चिकटवली जाते. हा बहुतेक वेळा कागदोपत्री ताबा असतो. प्रत्यक्ष घर रिकामं करून घेण्यासाठी बँक जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहे. दिवाणी न्यायालयाला या बाबतीत कायद्यानेच अधिकार ठेवलेला नाही, तेव्हा ‘दिवाणी दावा टाकून लिलाव थांबवतो’ असं कुणी म्हणत असेल तर तिथेच सावध व्हा. आणखी एक: पूर्ण थकबाकी भरून घर सोडवून घेण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात ते स्पष्ट केलं. ‘लिलावाच्या आदल्या दिवशी बघू’ हा सल्ला त्यामुळेच घातक आहे.

कर्ज कुणाचं, हेही पाहावं लागतं. सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा: महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून वसुली अधिकारी जप्ती करतात. तिथे डीआरटीचा वकील गाठून उपयोग नाही.

आता विश्वासाची माणसं. पहिलं दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं आणि १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. घर किंवा कर्ज पत्नीच्याही नावावर असेल, तर तिने अर्ज करावा. खासगी वकील करायचा तर तो महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा सनदधारक आहे का आणि डीआरटीत काम करतो का, हे विचारून घ्या. ‘निकाल लागला तर इतके टक्के’ अशी फी घेणं वकिलाला नियमाने मना आहे. वसुलीवाल्यांचा त्रास किंवा चुकीची आकारणी असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार नॅशनल हाऊसिंग बँकेकडे. पण तक्रार केली म्हणून लिलाव थांबत नाही. डीआरटीची मुदत त्या भरवशावर घालवू नका.

खरा मदतनीस आधी नोटीस मागतो आणि तिच्यावरची तारीख पाहतो. जो आधी आगाऊ रक्कम मागतो, बँकेचे फोन घेऊ नका म्हणतो, कोरे चेक किंवा मुखत्यारपत्र मागतो, त्याला घरात घेऊ नये. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे ‘तात्पुरतं घर माझ्या नावावर करा, कर्ज फेडून परत देतो’. नोंदणीकृत खरेदीखतावर सही झाली की तोंडी शब्द सिद्ध करत वर्षं जातात, आणि बँकेचं कर्ज मात्र तुमच्याच डोक्यावर राहतं.

पहिल्या भेटीला नोटीस तिच्या पाकिटासकट न्या, कारण ती हाती कधी आली हे पाकिटावरून दाखवता येतं. सोबत मंजुरीपत्र, कर्जखात्याचा उतारा आणि उत्पन्नाचे कागद. तडजोड ठरली तर ती बँकेच्या लेटरहेडवर घ्या आणि पैसे थेट कर्जखात्यातच भरा. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळायला हवीत; बँकेच्या चुकीने उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते.