कोंबडीचे रक्त आणि खाद्यातील 'नॅनो' खनिजे

चुनखडीच्या रानात उसाची पाने पिवळी पडली की आपण हिराकस देतो. जमिनीत लोह नसतं असं नाही; असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. कोंबडीच्या पोटातही असेच घडते. मका आणि सोयापेंडीतील फायटेट नावाचा घटक लोह व जस्त धरून ठेवतो आणि बरेचसे खनिज विष्ठेवाटे निघून जाते. यावर उपाय म्हणून 'नॅनो खनिजां'चे नाव आता पोल्ट्रीवाल्या सभासदांच्या कानावर येत आहे. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

रक्ताला काय लागते?

माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, कोंबडीची जेमतेम महिनाभर. म्हणजे पक्ष्याला रक्त सतत नवे करावे लागते. त्याला लोह हवे आणि ते लोह कामी लावायला तांबे हवे. सेलेनियमचे काम राखणीचे. तांबड्या पेशींची नासाडी थांबवणाऱ्या एका विकरात सेलेनियम असते, हे १९७३ साली अमेरिकेत सिद्ध झाले. पिलांना सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडले, तर बारीक रक्तवाहिन्या झिरपतात व छातीच्या कातडीखाली हिरवट-निळे पाणी साचते.

गरज मात्र एवढीशीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या तक्त्यात ब्रॉयलरसाठी दर किलो खाद्यात लोह ८०, जस्त ४०, तांबे ८ आणि सेलेनियम ०.१५ मिलिग्रॅम सांगितले आहे. म्हणजे एक टन खाद्याला सेलेनियम फक्त १५० मिलिग्रॅम!

नॅनो म्हणजे काय?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर होतो. नॅनो खनिजाचा कण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचा असतो. कण बारीक, म्हणून थोड्या मात्रेत जास्त अंगी लागेल, ही आशा. तसे झाले तर विष्ठेतले जस्त-तांबेही घटेल. कोंबडीखत आपण उसालाच घालतो, तेव्हा हा फायदा रानाचाही आहे. सेलेनियमचे नॅनो रूप नेहमीच्या क्षारापेक्षा कमी विषारी असल्याचे चीनमधील संशोधकांनी २००१ साली उंदरांवर दाखवले.

पण कोंबड्यांवरील प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत हिमोग्लोबिन वाढले, काहींत फरक पडला नाही. मात्रा चढली तर उलटेच होते. जस्त फार झाले की ते तांब्याला अडवते आणि रक्त कमी होते. सेलेनियम जास्त झाले तर विषच.

सभासदांनी काय करावे?

तुरे फिके दिसले की लगेच पुडी आणायला धावू नका. आधी रक्ती हगवण आहे का, रात्री रक्त शोषणारे लाल किडे खुराड्याच्या फटीत आहेत का, मक्याला बुरशी लागली आहे का, हे बघा. पशुवैद्यकांकडून रक्त तपासून घ्या. रोग तसाच ठेवून खनिज घालणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडणे.

खाद्यात खनिज मिश्रण आधीच असेल तर वरून आणखी घालू नका. घमेल्याने, हाताने तर मुळीच नको. इतकी बारीक मात्रा सारखी मिसळत नाही. करारावर पक्षी घेणाऱ्यांनी कंपनीला विचारल्याशिवाय काही करू नये. विकणाऱ्याला मात्र दोन प्रश्न जरूर विचारा: टनाला मात्रा किती, आणि त्यात शुद्ध खनिज किती? उत्तर लेखी मिळत नसेल, तर पैसे खिशातच बरे.