अठराव्या वर्षी मिळणारी शक्ती

मुठा खोऱ्यातील एका घरी आम्ही बसलो होतो. लेकरे मोबाईलवर ‘शरारत’ पाहत होती. २००३ ते २००६ या काळात स्टार प्लसवर गाजलेली ही मालिका. आजी, आई आणि जिया या तीन पिढ्या जादू करतात, जादू फसते आणि पोरांची हसून मुरकुंडी वळते. घरच्या ताईंनी विचारले, “दादा, हे लेकरांना दाखवावे का?”

आमच्यातले काहीजण लगेच म्हणाले, बंद करा! त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही अंधश्रद्धेला उत्तेजन देणाऱ्या कार्यक्रमांना मनाई आहे. ज्या महाराष्ट्रात बाईला डाकीण ठरवून छळले गेले, जिथे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे चेटूक हा नुसता हसण्याचा विषय नाही.

पण गंमत म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. जियाची जादू उलटते आणि ती तिलाच निस्तरावी लागते. गोष्ट सांगणारा आणि गंडा विकणारा बुवा यांतला फरक लेकरांना समजावला, तर ती तो पक्का ओळखतात. तथागतांनीही केवट्ट सुत्तात ऋद्धीच्या चमत्कारापेक्षा उपदेशाचा चमत्कार श्रेष्ठ मानला आहे.

आमची हरकत वेगळीच आहे. या मालिकेत शक्ती मिळते ती जन्माने! ठरावीक घराण्यातल्या मुलीला ती अठराव्या वर्षी आपोआप लाभते. बाकीच्यांनी फक्त थक्क व्हायचे. जन्मावर ठरणारे मोठेपण आपल्या पूर्वजांनी पुरते भोगले आहे. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी कांडी फिरवून मिळाले नाही. त्यासाठी हजारो माणसे बाबासाहेबांमागे तळ्यापर्यंत चालत गेली.

एवढ्यात धाकटी म्हणाली, “मलाही अठराव्या वर्षी शक्ती मिळेल का?” सगळे हसले. आम्ही म्हणालो, मिळेल बाळा. मताचा अधिकार मिळेल. पूर्वी त्यासाठी एकवीस वर्षे थांबावे लागे, १९८९ पासून अठरा पुरतात. आणि तू कोणत्या घरात जन्मलीस, हे तिथे कोणी विचारणार नाही. संविधानाने ती सोय केली आहे.

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे आईलाही आहे?”

ताईंना आम्ही एवढेच सांगितले, मालिका दाखवा, पण लेकरांच्या शेजारी बसा. असे प्रश्न ऐकायला घरात कोणीतरी हवे.